बिनस्लॅबचे व्याही

चौसाळ्याला हायवेच्या कडेला पंचाक्षरी अप्पांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. पाटी वाचून ज्याला सिमेंट घ्यायला यावं लागतं, त्याला घर बांधायची अक्कल अजून आलेली नाही, असं अप्पांचं मत. पाटीच्या जागी ते स्वतः बसतात. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गळ्यात करडगी, म्हणजे इष्टलिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूती आणि या सगळ्यावर सिमेंटची बारीक पूड. विभूती कुठं संपते आणि सिमेंट कुठं सुरू होतं, हे त्यांच्या पत्नी विमलवहिनींनाही लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगता येत नाही.

मी त्यांचा शेजारी. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे. ती भिंत अप्पांनी बांधली असल्यामुळे माझ्या दुकानाला बाकी काही नसलं तरी एक बाजू भक्कम आहे.

अप्पांची माणूस पारखायची पद्धत साधी होती. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचे, कान लावायचे आणि मग घरच्यांची खुशाली विचारायचे. आवाज भरीव आला तर खुशाली लांबायची. पोकळ आला तर पाणीसुद्धा अर्धंच प्यायचे. लग्नाला गेले तर अक्षता टाकताना त्यांची नजर नवरा-नवरीवर नसायची, कार्यालयाच्या छतावर असायची. एकदा मंगलाष्टकं चालू असताना ते मला म्हणाले, "ह्या बीममदी गज कमी हायत." त्यानंतर ते लग्न मी सगळं वर बघत काढलं.

त्यांचंही चुकत होतं असं नाही. परमिटच्या काळात त्यांनी सिमेंटच्या पोत्यांसाठी तहसीलच्या व्हरांड्यात दिवसच्या दिवस काढले होते. पुढं सरकारनं सगळी दारं उघडली. शहरातले लोक नवी थंड पेयं आणि टीव्हीवरची नवी चॅनलं आली म्हणून खूश होते. अप्पांच्या लेखी या सगळ्या उलथापालथीचा अर्थ एकच होता, मागेल त्याला सिमेंट. मग आमच्या भागात जी स्लॅबची हौस सुटली, ती विचारू नका. पोराला बायको मिळायची तर स्लॅब हवा. सरपंच व्हायचं तर स्लॅब हवा. स्लॅब टाकायच्या दिवशी सगळी गल्ली जमायची, नारळ फुटायचा, गवंड्यांपासून नुसत्या बघ्यांपर्यंत सगळ्यांना बुंदीचं जेवण असायचं. आणि स्लॅब झाला की वर गजांची टोकं तशीच उघडी सोडायची, पुढं दुसरा मजला चढवायचा म्हणून. तो मजला कधीच चढत नाही. गज गंजतात, त्यांवर कपडे वाळतात, दिवाळीत आकाशकंदील टांगतात. पण रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं की या घरात महत्त्वाकांक्षा आहे.

आता जे सांगतो ते अप्पा स्वतः कधी सांगत नाहीत. त्यांची थोरली बहीण लातूरकडच्या एका खेड्यात दिलेली होती. घर माळवदाचं. म्हणजे लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर वर्षानुवर्षं चढवलेली पांढरी माती. त्र्याण्णवच्या भूकंपात ती सगळी माती तिच्या अंगावर आली. अप्पा पोचले तेव्हा लोक फावड्यानं माती उपसत होते. तेव्हापासून हा माणूस स्लॅब सोडून दुसऱ्या कशाखाली पाठ टेकत नाही. लाकूड आणि माती हे दोन शब्द त्यांच्यासमोर नुसते उच्चारले तरी त्यांचा चेहरा तीन दिवसांच्या स्लॅबसारखा होतो.

अशा माणसाच्या मुलीनं लाकडाच्या घरातला मुलगा पसंत करावा, याला काय म्हणायचं!

प्रणिता अप्पांची एकुलती एक. बीडला डी.एड. केलेली, बोलायला मोजकी, पण ठाम. नेकनूरच्या रुद्रेशचं स्थळ विमलवहिनींच्या भावानं, बसवेश्वर मामांनी आणलं. मुलगा समाजातला, पोटापुरती शेती, शिक्षण सिव्हिलच्या डिप्लोम्याचं. वडील नाहीत, आई नीलाबाई एकटी. मामांच्या घरी दोघांनी एकमेकांना पाहिलं, चहा घेतला, आणि परत येताना प्रणितानं सांगून टाकलं, "करीन तर इथंच."

सिव्हिलचा डिप्लोमा ऐकून अप्पा इतके खूश झाले की त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. घर बघायला जायच्या आदल्या दिवशी मामांनी हळूच सांगितलं की मुलगा भूकंपाच्या भागात एका संस्थेत होता, तिथं हलकी घरं बांधायला शिकला आणि आता स्वतःचं घरही त्यानं लाकडाचं बांधलंय.

"लाकडाचं म्हंजे? दारं-खिडक्या ना?"

"दारं-खिडक्या हायतच. बाकीबी तेच हाय."

अप्पांनी दुकानातला ओळंबा सदऱ्याच्या खिशात टाकला. "नकार देऊन येऊ," ते म्हणाले. "पन पद्धतशीर. भिंत तिरपी दावून देऊ."

जीपमध्ये अप्पा, मामा आणि मी. मला का नेलं हे मला आजही माहीत नाही. बहुधा नकाराला साक्षीदार लागतो.

नेकनूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घर गावाच्या कडेला. सागाचे जाड खांब, वर तुळया, भिंती बांबूच्या विणलेल्या आणि दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा केलेल्या, छताला मंगलोरी कौलं. मला विचाराल तर घर देखणं होतं. पण मला कुणी विचारलं नाही. अप्पा दारातच थांबले.

"ह्ये काय हाय?"

"घर हाय," नीलाबाई म्हणाल्या. उंच, सडसडीत बाई, पदर डोक्यावर पण नजर सरळ. "या. बसा."

"बाई, ह्यो तर कूड हाय. असल्यात आमच्याकडं शेरडं बांधतेत."

"मंग तुमच्याकडची शेरडं सुखी हायत म्हनायची."

मामांनी घाईघाईनं चहाचा विषय काढला. अप्पांनी तोवर भिंतीवर पेर वाजवलं होतं. आवाज आला, पण त्यांच्या ओळखीचा नव्हता. मग खांबाला ओळंबा लावला. खांब सुतात होता. त्यांनी दुसऱ्या खांबाला लावला. तोही सुतात. त्यांनी ओळंब्याकडंच संशयानं पाहिलं.

"लाकूड कुठलं?" त्यांनी रुद्रेशला विचारलं.

पोरगा बिचारा उत्साही. "गावोगावी लोक माळवदं पाडतायत अप्पा, स्लॅब टाकायला. सागाच्या तुळया वीटभट्टीला जळणाच्या भावात जातात. मी त्या गोळा केल्या. आणि वर माती टाकलीच नाही. भूकंपात माणसं मातीच्या वजनानं गेली. हे हलकं आहे. हललं तरी—"

"म्हंजे पाडलेल्या घरांची हाडं हायत ही."

"लाकडं आहेत अप्पा."

"हलकं घर हलक्या माणसाला. समजलं का?"

एव्हाना अंगणात नेकनूरची मंडळी जमली होती. पाहुणे घर बघायला आलेत हे कळल्यावर घर कुणाचं आहे याची चौकशी कुणी करत नाही. पुढं होते धोंडीराम पाटील. गावातला पहिला स्लॅब त्यांचा. त्यांचा या घरावर अप्पांपेक्षाही जुना राग होता.

"बरं झालं तुमी बोललाव," ते अप्पांना म्हणाले. "आमी सांगून दमलो. गावात एवढे स्लॅब पडले, एक कुत्रं बघाया आलं न्हाई. ह्या कुडाचे फोटो काढाया पुन्याहून मानसं येतेत. जगाला काय वाटंल? नेकनूरला अजून खोपटंच हायत!"

"आन स्लॅबचं जेवान बुडालं त्ये येगळंच," मागून कुणीतरी म्हणालं. यावर अंगणात जी हळहळ उमटली, ती मनापासूनची होती.

"घरात पैसा असताना कूड बांधतो म्हंजे आमाला चिडवतोच की," कुडाच्या घरात राहणारा एक म्हातारा म्हणाला. म्हणजे ज्यांच्याकडं स्लॅब होता ते चिडलेले आणि ज्यांच्याकडं नव्हता तेही चिडलेले. एका घरानं अख्खं गाव एक केलं होतं.

तेवढ्यात लाईट गेली. ती रोज त्या वेळी जातेच, त्यात कुणाला नवल नव्हतं. गाव अंधारात बुडालं. पण या घरातल्या ट्यूबच्या दोन नळ्या तशाच पांढऱ्याफेक पेटलेल्या राहिल्या.

उंबऱ्यावर बसलेले अप्पा उठले. बाहेर आले. आधी त्यांनी विजेचा खांब शोधला. खांब होता. खांबावरून या घराकडं येणारी तार शोधली. तार नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. आधी त्यांना वाटलं असावं की बिल थकल्यामुळं कनेक्शन तोडलंय. मग त्यांनी मागं वळून उजेड पाहिला. तार नाही आणि उजेड आहे. आमच्या मराठवाड्यात यावरून निष्कर्ष काढायला शाळेत जावं लागत नाही.

"आकडा!" अप्पा ओरडले. "पानीपुरवठ्याच्या लायनीवर आकडा हाय ह्यांचा! ती लाईन जात न्हाई. जमिनीखालून वायर घातली!"

आकडा म्हणजे चोरीच्या विजेची तार. शब्द पडायचा अवकाश, धोंडीराम पाटलांचा चेहरा अंधारातही उजळला. इतके दिवस त्यांना या घराचा नुसता राग होता, आता कारण मिळालं. कुणीतरी कुदळ आणली, कुणी टिकाव. भिंतीलगत धडाधड खणायला सुरुवात झाली. रुद्रेश ओरडत होता, "अहो वर बघा! वर!" पण चोरी खाली आहे हे ठरलेलं असताना वर कोण बघतो? एकजण वायरमन सटवाला घेऊन आला. सटवा जेवणावरून उठून आला होता, त्यामुळं तोही चोराच्या शोधात होताच.

सटवानं बॅटरी मारली. नळीपासून वायर धरली, खांबाच्या कडेनं वर नेली, कौलांवर नेली आणि तिथं एका काळसर काचेच्या पत्र्यापाशी थांबला. खाली उतरला.

"उनावर चालतंय," तो म्हणाला.

"आत्ता कुठाय बे ऊन?"

"दिवसा डब्यात भरून ठिवलंय. हाय आत बॅटरी. चोरी न्हाई." आणि तो जेवायला निघाला.

आता कुणालाही वाटेल की गर्दी ओशाळली असेल. छे! चोरी निघाली असती तर लोकांनी दोन शिव्या देऊन माफ केलं असतं, कारण त्या अंगणात आकडा न टाकलेला माणूस शोधावा लागला असता. पण चोरी न करता फुकट लाईट म्हणजे फारच झालं.

"आमी बिलं भरायची आन ह्येनं उन्हावर मजा मारायची?"

"तू कवा भरलं बे बिल?" सटवानं जाता जाता विचारलं, आणि तो मुद्दा तिथंच मिटला.

"पन ऊन तर सगळ्या गावाचं हाय ना," धोंडीराम म्हणाले. "ह्यानं एकट्यानं कावून घ्यावं?"

नीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गर्दीकडं पाहिलं नाही, धोंडीरामांकडं पाहिलं नाही. अंगणातल्या खड्ड्यांकडं पाहिलं आणि मग अप्पांकडं.

"बुजवा," त्या म्हणाल्या. "आन जावा. चोराच्या घरात पोरगी कावून देताव? आमालाबी चोर म्हननाराची पोरगी नको."

खड्डे मी आणि मामांनी बुजवले. अप्पा जीपमध्ये जाऊन बसले होते.

अर्धा रस्ता मागं पडला. मग अप्पांनी विचारलं, "त्यांनी आपल्याला नाकारलं?"

"हो," मामा म्हणाले.

"आपुन नाकारायला गेलतो."

"हो."

"मंग आपला नकार आधी धरायला पायजे."

"दाजी, तुमी तोंड उघडलं त्ये आकडा म्हनाया. नकार द्यायचा ऱ्हाऊन गेला."

अप्पांनी पुढं चौसाळ्यापर्यंत बाहेर बघितलं. मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा त्या अंगणात जाऊन वेळेवर नकार देत असावेत.

आमच्याकडं बातमी एस.टी.च्या आधी पोचते. दुसऱ्या दिवशी दुकानात जो येईल तो सिमेंटचा भाव विचारायच्या आधी म्हणायचा, "अप्पा, तुमाला कुडानं नाकारलं म्हनं?" एकानं तर घमेलं घेता घेता सल्ला दिला की पुढच्या वेळी निदान पत्र्याच्या घराला विचारा, तिथं जमेल. अप्पांनी त्या माणसाला घमेलं विकलं नाही. अप्पा गिऱ्हाईक परत पाठवतात हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

पण बाजाराचं त्यांनी सोसलं असतं. घरात प्रणिता होती. ती रडली नाही, जेवण सोडलं नाही, अबोला धरला नाही. फक्त अप्पांशी बोलताना त्यांच्याकडं बघणं तिनं सोडलं. ताट वाढायची, हिशेबाला मदत करायची, "अप्पा, चहा" म्हणायची, सगळं भिंतीकडं बघून. आणि ती भिंत भरीव होती, त्यामुळं तिच्याकडून काही उत्तर येत नव्हतं.

शेवटी एका सकाळी अप्पा तिला म्हणाले, "मी काय वाईट म्हनलं? तुजी काळजीच केली ना?"

"तुम्ही त्यांना चोर म्हणालात, अप्पा."

"त्ये चुकलं. चोर न्हाईत. पन घर—"

"घर नंतर. आधी ते."

त्या दिवशी चूक कबूल करायला अप्पांनी मामांना नेकनूरला पाठवलं. मामा संध्याकाळी परत आले, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि नीलाबाईंचा निरोप अप्पांना आणि मला सांगितला. त्या दिवशी रागात काही बोलल्या असल्या, तरी मुलीला त्यांची ना नव्हती. अट एकच होती. साखरपुडा नेकनूरला, त्यांच्या घरात. आधी जेवण. जेवून उन्हं कलेपर्यंत सगळे पुरुष जसे आडवे होतात तसं अप्पांनीही त्याच छताखाली आडवं व्हायचं. मग टिळा, मग साखर.

"आन न्हाई झोपलो तर?"

"तर साखर न्हाई. त्या म्हनल्या, आमी मानसं हितं रोज निजतो. त्यांच्या पोरीला जलमभर निजायचंय. बापानं एक दुपार निजून दावावं."

 माझ्याशी अप्पा एरवी सगळं बोलत, तेव्हा फक्त म्हणाले, "जेवतो की. जेवाया ना न्हाई. निजाया कावून सांगत्येत?" मग दुकानालगतच्या घराकडं पाहिलं. प्रणिता दारात दिवेलागणीची रांगोळी काढत होती, खाली बघून. "जाऊ," ते म्हणाले.

साखरपुडा वैशाखात ठरला. नेकनूरला त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी. धोंडीराम पाटील तर निमंत्रण नसताना सकाळपासून येऊन बसले होते. अप्पा किती वेळात उठून पळतात यावर गावात दोन तट पडले होते. विरोध सगळ्यांचाच घराला होता, तरी अप्पांवर विश्वास कुणाचाच नव्हता.

अप्पा दारापाशी थांबले, करडगीला हात लावला आणि पाण्यात उडी मारावी तसे आत शिरले. जेवायला पुरणपोळी होती. नीलाबाई स्वतः वाढत होत्या. अप्पा पंगतीत बसून पोळीकडं न बघता कौलांकडं बघत जेवले. तुपाची धार मांडीवर पडली तरी त्यांना कळलं नाही.

"अजून एक घ्या," नीलाबाई म्हणाल्या.

"नको. जड हुतंय."

"घराला न्हाई हुत. घ्या."

पंगती उठल्या. आत सतरंज्या पडल्या. अप्पांनी जागा निवडली ती दाराच्या अगदी तोंडाशी, पाय उंबऱ्याकडं करून. शेजारी रुद्रेश येऊन आडवा झाला. पाहुण्याला एकटं वाटू नये ही पद्धत. दोन रात्री धावपळ केलेला पोरगा, पाठ टेकताच घोरायला लागला. मी समोरच्या खांबाला टेकून बसलो होतो. खिडक्यांत नेकनूरची डोकी एकावर एक.

"डोळे मिटा की अप्पा!" खिडकीतून धोंडीराम म्हणाले. "उगंच मुडद्यावानी कावून बगताव?"

"तुमी तुमच्या स्लॅबाखाली जावा बरं," अप्पा म्हणाले. 

विमलवहिनी आतल्या खोलीच्या दारात, त्यांच्या मागं प्रणिता. ती आज कित्येक दिवसांनी बापाकडं बघत होती. ते अप्पांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी हातांची घडी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. मी पैजेनं सांगतो, त्या मिटलेल्या पापण्यांच्या आत ते तुळया मोजत होते. कपाळावर घाम आला, विभूती ओघळली. तरी माणूस हलला नाही. उन्हावर चालणाऱ्या पंख्याचा आवाज, माश्यांचा आवाज, रुद्रेशचं घोरणं. नीलाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या इकडंच बघत होत्या. खिडकीतली डोकी कंटाळून एकेक कमी व्हायला लागली. जमतंय असं मला वाटलं.

आणि ऐन तापल्या वेळेला वरची मोठी तुळई कडाडली.

जुनं सागवान वैशाखात असं बोलतं. ज्यांनी लाकडाच्या घरात दुपारी काढल्यात, ते कूससुद्धा बदलत नाहीत. पण अप्पा! मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, सिमेंटचं पोतं उचलायलाही हमालाला हाक मारणारा तो साठीला टेकलेला माणूस एका झटक्यात उठला, शेजारी झोपलेल्या रुद्रेशच्या काखेत हात घातले आणि त्याला फरफटत दाराबाहेर नेलं. रुद्रेशचं डोकं चौकटीवर आपटलं. दोघं अंगणात कोसळले. अप्पा नुसते कोसळले नाहीत, ते पोराच्या अंगावर पालथे पडले, त्याचं डोकं आपल्या दोन्ही हातांखाली झाकून घेतलं आणि ओरडले, "भाईर! सगळे भाईर! प्रणिता! विमल! पडलं!"

सगळे धावत बाहेर आले. मीही आलो, खोटं कशाला सांगू?

मग सगळ्यांनी वळून पाहिलं. घर होतं तसं उभं होतं. एक कौलही सरकलं नव्हतं.

 मग धोंडीराम म्हणाले, "अप्पा, उठा बगू. जावई जिता हाय का घुसमटला त्ये तरी बगू द्या," आणि सगळं गाव हसायला लागलं. असं हसू की भिंतीवरची पोरं खाली पडली. रुद्रेश खालून म्हणत होता, "अप्पा, लाकूड तापलं की वाजतं, काही नाही." अप्पा बाजूला झाले, पण उठले नाहीत. त्यांची दोन्ही कोपरं सोलवटली होती. प्रणिता त्यांच्याजवळ मातीत बसली आणि पदरानं त्यांच्या कोपरावरची माती पुसायला लागली.

बघणाऱ्यांत न हसणारी माणसं दोनच. विमलवहिनी आणि नीलाबाई. नीलाबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. आधी पोराच्या टेंगळाकडं पाहिलं, मग अप्पांकडं.

"एकटंच पळायचं," त्या म्हणाल्या. "ह्याला कावून वढलं?"

"झोपला होता की मुडद्यावानी. ह्याला काय कळतंय?"

"तुमाला तर नकार द्यायचा हुता ना ह्याला?"

"मंग?" अप्पा वैतागून म्हणाले. "मेलेल्याला नकार कसा द्यावा मानसानं?"

नीलाबाई आत गेल्या. गर्दी कुजबुजली. अट मोडली होती, उन्हं कलायला पुष्कळ अवकाश होता आणि अप्पा काही झोपले नव्हते. धोंडीरामांनी मला डोळा मारला. त्यांच्या हिशेबानं लग्न मोडल्यात जमा होतं. नीलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात साखरेचं ताट होतं.

"स्वामी," त्यांनी टिळ्याचे विधी करायला आलेल्या जंगमांना हाक मारली, "हितंच उरकून घ्या. अंगनात."

"इथं? उन्हात?" स्वामी म्हणाले.

"व्याही आत येनार न्हाईत आता. येताव का हो?"

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"बघा. आन ह्यो मानूस झोपेत असल्याला उचलून न्हेतो. आमच्या सुनंचा बाप म्हनून मला चालतंय."

म्हणून नेकनूरच्या इतिहासातला तो एकमेव साखरपुडा भर वैशाखाच्या उन्हात झाला. स्वामींच्या डोक्यावर ओला टॉवेल, पाहुणे घरालाही शिव्या देतायत आणि व्याह्यांनाही, धोंडीराम म्हणतायत की स्लॅब असता तर सावलीत झालं असतं, आणि मधोमध सोललेल्या कोपरांनी टिळा लावून घेणारे आमचे अप्पा. प्रणितानं त्यांच्या तोंडात साखर घातली, तेव्हा ती त्यांच्याकडं बघत होती. भिंतीकडं नाही.

अप्पा बदलले असं मात्र कुणी समजू नये. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते आजही सांगतात, "लाकडाचं घर? अहो, माज्या जावयाचा जीव मी वाचवला. क्षणभर उशीर झाला असता तर!" गिऱ्हाईक घाबरून दोन पोती जास्त नेतं. रुद्रेशनं त्यांच्या दुकानावर ती उन्हाची काच फुकट बसवून देतो म्हटलं, तर म्हणाले, "माज्या स्लॅबाला भोक पाडू देनार न्हाई." चौसाळ्यात लाईट जाते तेव्हा अप्पा मेणबत्तीच्या उजेडात गल्ला मोजतात आणि नेकनूरकडं पाठ करून बसतात.

नेकनूरला मात्र ते जातात. नात झाल्यापासून फारच. अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसतात, प्रणिता खिडकीतून चहा देते, नात त्या खिडकीतूनच बाहेर काढून घेतात. परवा मी सोबत होतो. नीलाबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आत या की व्याही. एवढी वर्सं झाली."

"पडल्यावर येतो."

"मंग लई वाट बगावी लागंल."

"बगू की," अप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

घर अजून उभं आहे. अप्पांच्या मते तो त्या घराचा निव्वळ हट्ट आहे.